ठिणगी गोदामात

४ मार्च

चि. भाऊस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या अवकाशयुद्धाच्या कादंबरीच्या चौथ्या भागाची तपासायची मुद्रितं मिळाली. औषधाच्या दुकानात काउंटरमागे बसून वाचत होते. खोकल्याच्या गिऱ्हाईकाला पोटाचं औषध देता देता राहिले, इतकी गुंगले होते. खूश होऊ नकोस, रागाने गुंगले होते.

लढाया झकास जमल्यात. जहाजं फुटतात, चंद्र पेटतात, पण माणसं कुठे आहेत रे? कप्तान पानपानभर भाषणं ठोकतो, बाकीचे ऐकतात. आणि ठिणगीचं काय करून ठेवलंस? आधीच्या तीन भागांत ही इंजिनाची मेकॅनिक पोरगी शिव्या घालायची, रडायची, तेलकट मनगटाने नाक पुसायची. आता नुसती हसून मान डोलावते. ती आपल्या भिंगरीवरून उतरली आहे हे घरात कोणाला ठाऊक नाही? लेक तिकडे आघाडीवर लष्करी गाड्या दुरुस्त करते आणि बाप तिची लाकडी बाहुली करतो!

छपाई लवकरच सुरू होणार म्हणालास. प्रकाशकाला थांबव. आणि भिंगरीचं पत्र आलं का? रेडिओवर रोज तिच्या तुकडीच्या नदीकाठचं नाव येतं आणि मी गिऱ्हाइकांना तसंच ठेवून ऐकत बसते.

रागावलास तरी चालेल, पण अबोला धरू नकोस.
तुझी,
ताई


७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कान लाल झाले. वाचकांना लढाया हव्या असतात गं. प्रकाशक म्हणतो की हा भाग सगळ्यात वेगवान झाला आहे. ठिणगी आता मोठी झाली, समजूतदार झाली, एवढंच. लहानपणी माझे निबंध तपासायचीस, ती खोड अजून गेलेली दिसत नाही.

मुद्रितांची एक प्रत भिंगरीलाही गेल्या महिन्यातच पाठवली आहे. तेवढाच तिला विरंगुळा. तिचं पत्र नाही. आघाडीवरचं टपाल रखडतं, त्यात काही विशेष नाही.

दुकानात उभी राहून पाय सुजवून घेऊ नकोस. माया आहे ती असू दे.
तुझा,
भाऊ


९ मार्च

चि. भाऊस,
आशीर्वाद.

समजूतदार झाली म्हणे! मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तोफ वाजायची वेळ आली की तू ठिणगीला सुटे भाग आणायला गोदामात धाडतोस. बॉयलर फुटतो, ती गोदामात. शत्रू जहाजात शिरतो, ती गोदामात. अरे, एका जहाजाला इतके नटबोल्ट लागतात तरी किती? तिला कापसात गुंडाळून ठेवलंस आणि तिथेच तिचा जीव गुदमरला.

माझ्यापासून काय लपवतोयस? मिठाची गुळणी धरून बसू नकोस.
वाट पाहते.
ताई


११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे काही लपत नाही. तिसऱ्या भागात मी इंजिनघराला आग लावली होती. पुस्तक बाजारात आलं त्याच आठवड्यात भिंगरीच्या वर्कशॉपला आग लागली आणि तिचा हात कोपरापर्यंत भाजला. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. पोरांनी असलं काही म्हटलं तर त्यांना वेड्यात काढीन. पण तेव्हापासून ठिणगीवर संकट आणायला पेन उचललं की हात आखडतो. वाटतं, मी लिहीन आणि तिकडे घडेल.

पुस्तक वाईट झालंय हे मला कळतं, ताई. होऊ दे वाईट. सोमवारी ते छापून जाईल. हसायचं तर हस, पण भिंगरीला यातलं अक्षर कळवू नकोस.
तुझा,
भाऊ


२७ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी ठीक आहे. हाताची कातडी ओढते, पण पाना धरता येतो. मुद्रितं मिळाली.

एक सांगते, रागावू नका. वर्कशॉप पेटलं तेव्हा मला तिसऱ्या भागातली ठिणगी आठवली होती. ती घाबरून थरथरते, फडकं दातांत धरते आणि तशीच आत जाऊन झडप बंद करते. मीही फडकं दातांत धरलं आणि डिझेलच्या टाकीची झडप बंद केली. म्हणून आम्ही सगळे वाचलो. इथे ते पुस्तक इतक्या हातांतून फिरलंय की त्याचं कव्हर उरलं नाही.

चौथा भाग तळघरात बसून वाचला. वर गोळे पडत होते. मी पानं उलटत ठिणगीला शोधत होते, तर ती गोदामात. तुम्ही असं का केलंत ते मला कळलं, बाबा. तुमची लेक आहे मी. पण मी गोदामात नाही. इथे आहे, आणि मला फार भीती वाटते. ती सोबत होती ना, ती काढून घेऊ नका.

आत्याला सांगा, तिचं मलम संपलं. आठवण ठेवा, मी रोज काढते.
तुमची,
भिंगरी


१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत भिंगरीचं पत्र जोडलं आहे. काल आलं. तारीख बघ, नदीकाठची लढाई पेटायच्या आधीची आहे. त्यानंतरचं काहीच कळलेलं नाही. आनंद करावा की नाही तेच समजेना. आधी रडून घेतलं.

मग प्रकाशकाकडे गेलो. मशीनवर कागद चढला होता. तो खूप बोलला, मी ऐकून घेतलं आणि मुद्रितं काखेत मारून घरी आलो.

ठिणगीला गोदामातून बाहेर काढलंय. पहिल्याच प्रकरणात बॉयलर फुटतो आणि ती समोर उभी आहे, कप्तानाला शिव्या घालते आहे. तिचं पुढे काय होणार ते मला माहीत नाही. अक्षर वेडंवाकडं आलंय, सांभाळून वाच. फडकं दातांत धरलंय आणि लिहितोय.

मलम आजच टपालात टाक.
तुझा,
भाऊ