पिंपातली खंगरं

तीर्थरूप दादा,

लग्नाआधी एका सकाळी भांडी घासून, अंगण झाडून मी परसातल्या माशांच्या तळ्याकडे वळले होते. तळ्याचं पाणी पंपाने ज्या पिंपातून फिरून परत यायचं, त्यातला पालापाचोळा काढणं माझं रोजचं काम. पिंपात तुम्ही वीटभट्टीवरची खंगरं भरली होतीत, जास्त भाजून जाळीदार झालेल्या विटांचे तुकडे. गणपती जवळ आलेले, म्हणून त्या सकाळी तुम्ही ती सगळी अंगणात ओतलीत आणि ब्लीचिंग पावडर, तारेचा ब्रश घेऊन बसलात. "बुळबुळ बघ कशी धरलीय. पोरींच्या हातात काम दिलं की हे असं!" खंगरं भाजल्या दिवसासारखी कोरी झाली तेव्हा कुठे उठलात.

गणपती घरात असतानाच पाणी गढुळलं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, मग पांढरी पोटं. पाहुण्यांसमोर तुम्ही मला विचारता, "पाळी होती ना तुझी? तरी हात लावलास पाण्याला?" आई खाली बघते. त्यानंतर लग्न होईपर्यंत मला तळं बंद. तुम्ही दर वर्षी खंगरं घासलीत, दर वर्षी मासे कढीपत्त्याच्या बुंध्याशी पुरलेत. माझा हात लागत नव्हता तेव्हा विटाळ आईचा झाला, मग शेजारणीच्या सावलीचा. ब्रश तेवढा सोवळा.

हे वारल्यावर मी कात्रपला माहेरी परत आले. यांनी हौसेने आणलेले लाल मासे गॅलरीतल्या टबात होते, ते तळ्यात सोडले. यांच्या हातचं जिवंत असं तेवढंच माझ्याकडे उरलंय. ते मरू नयेत म्हणून रद्दीवाल्याकडची मत्स्यपालनाची पुस्तकं वाचायला लागले. ती बुळबुळ म्हणजे घाण नव्हती, दादा. खंगराच्या छिद्राछिद्रात जंतू राहतात, माशांच्या घाणीतलं विष तेच पचवतात. तुम्ही त्यांना ब्लीचिंगने मारलंत आणि मासे आपल्याच घाणीत गुदमरले. उल्हासनगरला नवा पंप घ्यायला गेले तर दुकानदारही हसत म्हणाला, "आंटी, पत्थर को नल के पानी से मत नहलाना. अंदर किरायेदार रहते हैं." नळाच्या पाण्यातही ब्लीचिंगच असतं ना. त्याला गंमत सुचली. तुम्हाला, आयुष्यभर घरच्यांना अक्कल शिकवणाऱ्या माणसाला, साधी शंकासुद्धा आली नाही.

परवा धाकटा तुमचाच ब्रश घेऊन आला. "ताई, गणपती आलेत, पिंप धुऊन काढतो. तू जरा लांब हो, तू आता..."

"विधवा. म्हण की."

"तसं नाय गं. दादांची पद्धत होती, म्हणून."

"मग आधी दादांसारखा खड्डा खणून ठेव, मासे पुरायला."

तो ब्रश तिथेच टाकून गेला. हे पत्र मी कुठे टाकणार? आणि तुम्ही असतात तरी वाचलं नसतंत, बाईचं अक्षर बघून घडी घातली असतीत. पण एक सांगते. तो गेल्यावर मी पिंपाशी वाकले आणि हात आपोआप मागे आला. इतकं वाचून, या वयात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यातलंच पाणी बादलीत घेतलं, त्यात एकेक खंगर नुसतं हलवलं आणि परत पिंपात ठेवलं.