आनेकलला जाऊन आलास का?

रविवार, ८ जून

अण्णा भरल्या पानावरून उठला. एकाहत्तर वर्षांचा माझा थोरला भाऊ! गप्प गप्प जेवत होता म्हणून मी म्हटलं, "काय रे, आनेकलला जाऊन आलास का?" आमच्या घरात रुसलेल्याला असंच विचारतात, लहानपणापासून. त्याने हात धुतला, चपला घातल्या. "सरी, ठीक आहे, येतो मी." गेला हेब्बाळला, आपल्या घरी. कटाची आमटी त्याच्यासाठी मुद्दाम केली होती — पातेलंभर उरली.

सोमवार, ९ जून

फोन उचलत नाही. वहिनी म्हणाल्या, "स्वल्प थांबा, वन्सं. माझ्याशीही बोलत नाहीत."

मंगळवार, १० जून

मुळात हे वाक्य आलं कुठून? आनेकल गावात आमचं कोणी नाही, शेत नाही, देव नाही. चुलत बहीण श्रीविद्याला विचारलं. ती म्हणे, तिकडची बस उशिरा यायची, वाट बघून तोंडं उतरायची, म्हणून. ठोकून दिलं झालं. नात हर्षिता हसली — "आज्जी, रँडम असेल गं, सोडून दे."

कसं सोडू? कॉन्व्हेंटात सिस्टर एकेका इंग्रजी वाक्प्रचाराचा उगम आमच्याकडून घोकून घ्यायच्या. जहाजं, घोडे, राजेरजवाडे — अजून तोंडपाठ आहेत. आणि स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या चार शब्दांचा पत्ता नाही! काका म्हणायचे, आत्या म्हणायची, मी तर दिवसातून दहादा. आईने कधी म्हटल्याचं मात्र आठवत नाही.

गुरुवार, १२ जून

इतकं काय लागायचं त्यात? साठ वर्षं सगळेच ऐकतोय. आता मीही फोन करणार नाही.

शुक्रवार, १३ जून

केला. नाही उचलला.

रविवार, १५ जून

अण्णा आपणहून आला. उभ्याउभ्याच बोलला. "मी साडेपाच वर्षांचा होतो. आईने घर सोडलं. आनेकलच्या शाळेत नोकरी धरली, खोली घेतली. चार महिने. वडील समजूत घालून घेऊन आले, तर काकांनी दारातच विचारलं, 'काय वहिनी, आनेकलला जाऊन आलात का?' सगळे हसले. आईही हसली."

मी म्हटलं, "आणि मला इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही?"

"तुला काय सांगायचं? तुला कडेवर घेऊन गेली होती."