ओ निगेटिव्हची एकच पिशवी

मंगळवार, धुळे

आमच्या रक्तपेढीतले चारही कॉम्प्युटर एकाच फाइलवर चालतात, आणि ती सांभाळायचं काम माझं. संध्याकाळी एक माणूस धावत आला. बायको बाळंतपणात, रक्तस्राव थांबेना. "भाऊ, पिशवी शे का नही, इतलंच सांगा!"

ओ निगेटिव्हची एकच पिशवी होती, आणि तिची नोंद उघडेना. 'दुसऱ्या वापरकर्त्याने उघडली आहे.' आमच्या नंदाक्का ती तशीच उघडी टाकून शिंदखेड्याच्या बसला गेल्या होत्या. फोन लागेना. शेवटी मी सगळ्यांना फाइलमधून बाहेर काढून ती बंद केली. परत उघडली तर पिशवी 'शिल्लक'. अक्कांनी अर्धवट काय लिहिलं होतं? ते पुसलं गेलं. मला थांबायला हवं होतं का? पण तो माणूस समोर उभा होता. जुळणी करून पिशवी दिली.

तासाभराने कळलं, बाई वाचली.

मग अक्कांचा फोन. "अरे, ती मी भुसावळच्या आजोबांसाठी राखून ठेवत होते. उद्या सकाळी ऑपरेशन आहे त्यांचं. सेव्ह करायचं राहिलं बघ."

तेव्हापासून दात्यांना फोन करतोय. एक पुण्यात, एकाला ताप, बाकीचे उचलत नाहीत. जळगावच्या रक्तपेढीतही पिशवी नाही. 'शिल्लक' दिसली म्हणून दिली, हे कुणाला सांगू?

आत्ता आजोबांच्या मुलीने विचारलं, "दादा, रक्ताची सोय आहे ना?"

मी हो म्हणालो. का म्हणालो?