दुसऱ्या ट्रम्पेटची वही

१२ डिसेंबर, शुक्रवार

प्रॅक्टिस सुरू झाली एकदाची. २६ जानेवारीला अंजूरच्या शाळेच्या मैदानावर झेंडावंदन झालं की आमच्या बँडचा कार्यक्रम, दरवर्षीचा. यंदा अकरा जण. जागा तीच, यासीनभाईंचा पॉवरलूमचा गाळा. शुक्रवारी त्यांचे लूम बंद, पण शेजारच्याचे धडाधड चालू. आमचे बँडमास्तर म्हणतात, "या खडखडाटात वाजवलंत तर मैदानात झोपेत वाजवाल." बाकी आम्ही सगळे कानात कापूस कोंबून वाजवतो. कापूस जमिनीवरूनच उचलायचा, गाळ्यात त्याला काय तोटा. मास्तर एकटे उघड्या कानांनी उभे.

वरचा पुढचा दात हलतोय. ट्रम्पेट ओठाला टेकवला की कळ थेट डोळ्यामागे जाते.

१५ डिसेंबर

धामणकर नाक्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे. एक्स-रे. "काढावा लागेल, हाड राहिलं नाही."

म्हटलं, २६ जानेवारीनंतर काढू.

"का, लग्न आहे घरात?"

ट्रम्पेटचं सांगितलं तर बाई हसल्या. पुढच्या दातावर पितळ दाबून फुंकणारा माणूस त्यांच्या खुर्चीत पहिल्यांदाच बसला म्हणे. जोर देऊ नका म्हणाल्या. जोर न देता वरचा सूर कसा काढायचा ते काही सांगितलं नाही त्यांनी.

सुनंदाला सांगितलं, कीड होती, भरली. बावीस वर्षं बँडात पहिला ट्रम्पेट मी, ती जागा टिकवायला बायकोशी खोटं बोलायचं तर... असो.

१९ डिसेंबर, शुक्रवार

जमेना. खालचे सूर येतात. पंचमाच्या वर गेलो की दात सरकतो, ओठाला धार लागते. दुसऱ्या गाण्यात वरचा तुकडा आला, मी फुंकच मारली नाही. बोटं चालवली, गाल फुगवले. कोणाला कळणार? शेजारी लूम, कानात कापूस. कापूस घातला की आपलं आपल्याला हाडातून ऐकू येतं, दुसऱ्याचं नाही.

बाजूला प. होती. पल्लवी, दुसरा ट्रम्पेट. रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, लग्न होऊन भिवंडीत आली त्याला दोन वर्षं झाली. कल्याणला शाळेच्या बँडमध्ये शिकलेली. वही बघूनच वाजवते, मान वर नाही. मला आधीपासून जरा खटकायचीच. फार व्यवस्थित.

निघताना "येते काका" म्हणाली. डोळ्याला डोळा दिला नाही असं वाटलं. मनात चोर असला की सगळे पोलीस दिसतात.

२२ डिसेंबर

दापोड्याला ड्युटी. दुपारी गाड्या लोड होईपर्यंत गोडाऊनच्या मागे जाऊन नुसता माउथपीस फुंकत बसलो, जरा बाजूला सरकवून, डाव्या दातांवर. फोर्कलिफ्टवाला तिवारी आला. "सुपरवायजर साब, भौंरा घुस गया क्या अंदर?" माझ्याच माउथपीसची भुणभुण. त्याला सांगितलं, हो, घुसलाय, निघत नाही.

एका जागी बसवत नाही. चलन लिहायला घेतलं की जीभ दाताकडे. पंधरा मिनिटांत चार वेळा उठलो. एका गाडीला चुकीचं चलन गेलं, परत बोलवावी लागली.

२६ डिसेंबर, शुक्रवार

आज पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वरचं एकही वाजवलं नाही. सरावलो. हेच वाईट. नकली वाजवायचीही एक तालीम असते, कुठे मान हलवायची, कुठे श्वास घेतल्यासारखा घ्यायचा. मास्तरांनी एकदाही थांबवलं नाही. ते थांबवत नाहीतच म्हणा. पोलीस बँडातले, शहात्तर वर्षांचे, एकच कायदा, बँड थांबत नाही.

पण सादेचं काय करणार? साद मास्तरांनीच बांधलेली. कार्यक्रमाच्या आधी पहिल्या ट्रम्पेटने एकट्याने वाजवायची, बाकी सगळे वाद्यं खाली धरून उभे. तिची तालीम घ्यायची नाही हा रिवाज. वर्षातून एकदा, मैदानातच. सुरुवात खालून, मग चढत चढत वर आणि तिथे थांबायचं, दम असेल तोवर. तिथे लूम नसणार. कापूसही नसणार.

४ जानेवारी

यासीनभाईंनी परवाच्या प्रॅक्टिसचं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं. आई ओट्यावर वाटाणे सोलत होती, तिला ऐकवलं. दरवर्षी पहिल्या रांगेत खुर्ची धरून बसते ती सादेसाठी. बाकीचं अर्धं झोपेत ऐकते.

नीट ऐकलं तिने. लूमच्या आवाजावर वरची ओळ स्वच्छ.

"बरा वाजतंय. पन ह्यो तू न्हायस."

"मीच आहे गं."

"मना नको सांगूस. तुजी फुंक जड हाय. घरात बावीस वरसं आयकते."

वाटाणे सोलत राहिली. मी फोन घेऊन आत आलो, पाच वेळा ऐकलं. वरची ओळ आहे. मी तर वाजवली नव्हती. मग कोणी?

९ जानेवारी, शुक्रवार

बाजूला कान देऊन वाजवायचा प्रयत्न केला, म्हणजे न वाजवायचा. एका कानातला कापूस काढला तर नुसते लूम. डावा कान तसाही मंदच. प. डावीकडे. तिच्या वहीत डोकावलो, दुसऱ्या ट्रम्पेटचंच पान उघडं होतं. काही कळलं नाही.

यासीनभाई आपलं पितळी युफोनियम पुसता पुसता म्हणाले, "जना, तू आजकल चिडचिड करता है. घरी सब ठीक हाय ना?"

"दात दुखतोय" म्हणायचं होतं. "झोप नाही" म्हटलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

घरी येऊन तसाच लिहायला बसलो.

तिसरं गाणं चालू होतं. लाईट गेली. शेजारचे सगळे लूम एकदम बंद. अशी शांतता त्या गाळ्यात मी कधी ऐकली नव्हती. बँड थांबत नाही, म्हणून आम्ही वाजवतच राहिलो, अंधुक उजेडात. आणि कापसातूनही ऐकू आली वरची ओळ, माझी ओळ, डावीकडून, प.च्या ट्रम्पेटातून. वहीवर दुसऱ्याचं पान आणि वाजवतेय पहिल्याचं, पाठ. माझी बोटं चालूच, गाल फुगलेलेच.

ती दचकली. थांबली. आणि गाण्याला वर भगदाड पडलं. ट्रम्पेट तोंडाला लावलेला मी, आणि ट्रम्पेटचा आवाजच नाही. सगळे बघायला लागले. मास्तर एकटेच बघत नव्हते. हात हलवत होते, ताल देत.

गाणं संपल्यावर म्हटलं, वाल्व्ह अडकला.

यासीनभाई प्रेमळ माणूस. लगेच तेलाची बाटली घेऊन आले, माझा ट्रम्पेट घेतला, तिन्ही वाल्व्ह काढून खिडकीच्या उजेडात धरले, परत बसवले, दाबून बघितले. "क्या अडकला? मक्खन हाय हे तर."

जो तो आपापलं वाद्य पुसायला लागला. त्यापेक्षा कोणीतरी शिवी घातली असती तर बरं.

१७ जानेवारी

प.चा फोन. मी तीन वेळा कापला, चौथ्यांदा घेतला.

"काका, सॉरी. मी थांबायला नको होतं."

"तू वाजवायलाच नको होतं."

ती मग म्हणाली, "वर भोक पडलेलं बरं नाही वाटलं. पहिल्यांदा वाटलं तुम्हाला त्या दिवशी बरं नाही. मग दर वेळी..." आणि मग, हळू आवाजात, "सादेचं टेन्शन घेऊ नका. तुम्ही पुढे उभे राहा. मी आपल्या बँडच्या बॅनरच्या मागून वाजवते. कोणाला कळणार नाही. आईंनाही."

फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला. राग आला, खूप आला, तिचा नाही हे कळायला संध्याकाळ झाली. पाच शुक्रवार ही पोरगी माझं झाकत होती आणि मी तिला व्यवस्थित म्हणून नावं ठेवत होतो. लाज वाटते. लिहिताना पण वाटते.

आणि दुसरीकडे डोक्यात चालूच, बॅनर किती मोठा आहे यंदा?

१८ जानेवारी, रविवार

सुनंदाला दाताचं खरं सांगितलं. "माहीत होतं. भरलेल्या दाताने कोणी महिनाभर डाळभात खात नाही." बँडमधलं नाही सांगितलं अजून.

संध्याकाळी खाडीच्या बांधावर एकटाच गेलो ट्रम्पेट घेऊन. साद. खालचा भाग ठीक, गोलसुद्धा. चढ सुरू झाला तिथे दात मागे गेला, आवाज फाटला, रुमालावर रक्त. तीनदा. पलीकडच्या गोडाऊनच्या वॉचमनने टॉर्च मारला, काय चाललंय म्हणून.

बांधावर येरझाऱ्या घातल्या पाऊण तास. कशासाठी ते माहीत नाही.

१९ जानेवारी

मास्तरांकडे गेलो. चप्पल काढायच्या आतच म्हणाले, "दात ना?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे? डिसेंबरपासून मला दुसरा ट्रम्पेट ऐकू येत नाही. वरची ओळ आहे, खालची गायब. म्हणजे पल्लवी वर गेली. मग तू कुठे गेलास?"

मी म्हटलं, मास्तर, मग बोलला का नाहीत.

"तोंड तुझं, दात तुझा. मी काय बोलायचं?"

रडू आलं. चोपन्नाव्या वर्षी मास्तरांच्या ओट्यावर. त्यांनी न बघितल्यासारखं केलं, शेंगदाणे पुढे सरकवले. दात आठवला तसे परत मागे घेतले.

मी विचारलं, "साद कोणी वाजवायची?"

"पहिल्या ट्रम्पेटने."

"पहिला कोण आता?"

"बस, चहा टाकतो," म्हणाले आणि आत गेले. चहा झाला, गप्पा झाल्या, त्यांच्या गुडघ्याचं झालं.

२३ जानेवारी, शुक्रवार

शेवटची प्रॅक्टिस. गेल्या गेल्या प.ला म्हटलं, "तुझी वही दे." तिने दिली, आणि माझी मागितली नाही. तिला पाठच आहे.

मग सगळ्यांसमोर सांगितलं. दात, पोकळ फुंक, वाल्व्हचं खोटं, सगळं. लूम चालू होते म्हणून ओरडून सांगावं लागलं. कबुलीजबाब ओरडून देणारा मी पहिलाच असेन. यासीनभाई मधेच, "क्या बोला? वाल्व्ह के बाद क्या बोला?" परत सांगितलं. त्यांनी कानातला कापूस काढून परत ऐकलं. हसले, पाठीवर थाप मारली. "मतलब मेरा तेल फुकट गेला."

दुसरा ट्रम्पेट वाजवला. सगळा खालच्या पट्टीत, दाताला फारसा त्रास नाही. बावीस वर्षं ही ओळ बाजूला वाजत होती, मी कधी ऐकलीच नव्हती. तिसऱ्या गाण्यात वरची ओळ पुढे जाते तेव्हा खालची एका सुरावर तशीच थांबून राहते, तीन मात्रा. तिथे मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

साद कोणाची, कोणी विचारलं नाही. मास्तर काठी उचलून निघून गेले.

२५ जानेवारी

ड्युटीवर लक्ष नाही. प. वाजवेल, ठरलं. दुपारी वाटलं, नाही, शेवटचं एकदा मीच, फुटला तर फुटला दात. चारला परत वाटलं, मैदानात सगळ्यांसमोर साद फाटली तर मास्तरांचं काय? आईचं? घरी येताना स्कूटरवर तीन वेळा ठरवलं, तिन्ही वेळा वेगळं.

आईला सांगितलं, यंदा कदाचित पल्लवी वाजवेल.

"ती रेकार्डिंगवाली? बरी वाजवते." शालीची घडी घालत, "पन मी खुर्चीवर तुज्यासाठी बसतंय. तुजी फुंक आयकाला."

"दात हलतोय आई."

"माजे तर सगलेच पडले. मी बोलायची राहिलंय का?"

२६ जानेवारी, पहाट

पाच वाजता उठलो. पांढरा शर्ट, पांढरी पँट. थंडी आहे, पितळ गार पडलं की सूर उतरतो, म्हणून माउथपीस मुठीत धरून बसलोय कधीचा. चांगला गरम झालाय. आरशात तोंड उघडून बघितलं. दात आहे अजून.

साद खालून सुरू होते. तेवढी जमते मला. वरची नाही जमत. हे आत्ता लिहिलं आणि कागदाकडे बघत बसलोय.

प.चा मेसेज आला, साडेपाचला. तिलाही झोप नसावी. "काका, मी कुठे उभी राहू? बॅनरमागे, की तुमच्या जागेवर?"

दोनदा उत्तर लिहिलं, दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा पाठवलं. "माझ्या शेजारी. ट्रम्पेट वर धरून."

तिने विचारलं, "म्हणजे वाजवायचं कोणी?"

"खालून मी. चढ आला की तू." लिहिलं, पाठवलं. रिक्षा आली. आई खाली उतरलीसुद्धा, शाल घेऊन, तिथूनच ओरडतेय, "चल रं जना, माजी खुर्ची जाईल."