हजेरीतलं पहिलं नाव

१२ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी गारठा. चहा दोनदा झाला. दुसऱ्यांदा ठेवला तो पहिला प्यायल्याचं विसरून.

सायंकाळी संदीप आला. आमच्या सास्तूरच्या बास्केटबॉल संघाचा तो आता सेक्रेटरी, शाळेत खेळाचा शिक्षक. सहावीत माझ्या पुढ्यात बसून खडू खायचा. आज खुर्चीवर टेकला नाही, उभ्यानंच म्हणाला, "सर, टीम म्हातारी झाली. दोन वर्षं झाली, चौथा नंबर. खाली फक्त ईट नि तुळजापूर. आता मोडून नवी बांधावी लागंल."

मोडून बांधणं. संदीप भूकंपानंतर जन्मला, म्हणून हा शब्द त्याच्या तोंडी इतका सोपा.

बेत असा. सहा संघ, त्यांत नवी पोरं वाटायची. जो तळाला त्याची पहिली पाळी, म्हणजे पहिली पाळी तुळजापूरची. त्यांच्याकडं पोरं आहेत, जाणता कुणी नाही. तेव्हा आपला बालाजी त्यांना द्यायचा नि त्यांची पाळी आपण घ्यायची, आपली त्यांना. रशीदला असाच ईटच्या संघाला.

"द्यायचं म्हणजे?"
"द्यायचं म्हणजे द्यायचं, सर."

अध्यक्ष मी. कागदावर सही माझी लागते. बघू म्हणालो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
रशीदच्या गॅरेजवर गेलो. मोटारसायकलच्या पोटात हात घालून बसला होता. त्याला कळलेलं होतं.

"मी काय बाजारातला गोऱ्हा हाय का सर? दात बघून घेणार हायेत का ईटवाले?"
मी म्हणालो, गुडघे बघतील.
हसला. मग बराच वेळ नुसताच नट फिरवत राहिला.

१६ नोव्हेंबर, रविवार
पुण्याहून लेकीचा फोन. "बाबा, इकडं या ना राहायला." तिला म्हणालो, संघाची कामं आहेत. खोटं नाही. खरं किती, ते...

दुपारभर जुनं आठवत पडून होतो. नवीन गाव बसलं तेव्हा शाळेमागं कुणी लांबच्या माणसांनी सिमेंटचं मैदान करून दिलं, दोन्ही टोकांना लोखंडी रिंगा. हा कुठला खेळ, गावात कुणालाच ठाऊक नाही. बायका वर्षभर तिथं तूर वाळवत होत्या. मी मराठीचा मास्तर. नियमांचं पुस्तक मागवून घेतलं. त्यात लिहिलेलं, चेंडू एकदा आपटून दोन ढांगांत रिंगेखाली जायचं. मी वाचलं नि हरखलोच. आपटणं आखूड, दोन ढांगा लांब. लघु, गुरू, गुरू. हा तर य-गण! पोरांना तसंच शिकवलं. ल गा गा, ल गा गा म्हणत पोरं धावायची. पुस्तकी भुजंगप्रयात पहिल्यांदा पायांत उतरलेला पाहिला.

बालाजी तेव्हा नऊ वर्षांचा. भूकंपात घरातली चार माणसं गेलेली, हा चुलत्याकडं. बोलायचा बंद झाला होता. शाळेची जुनी हजेरी ढिगाऱ्यात गेली, नवी मी आठवणीतून लिहिली. पुढ्यात जो उभा होता त्याचं नाव पहिलं. तो बालाजी. रोज सकाळी पहिलं नाव घ्यायचो, उत्तर नाही, थोडं थांबायचो, पुढचं घ्यायचो. असं पूर्ण हिवाळाभर. मग एके दिवशी चेंडू काखेत धरून दारातूनच म्हणाला, "हजर."

हजेरी मी कधी वहीत बघून घेतली नाही. नोकरी संपेपर्यंत पाठच. याचा मला थोडा गर्व आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार
बालाजी रोजच्यासारखा सहाला आला. नळावर हात धुतले, आत जाऊन चहा टाकला. ही गेल्यापासून चार वर्षं संध्याकाळचा चहा त्याच्याच हातचा. एरवी कप देता देता विचारतो, "सर, आज कुठली?" मग मी एखादी शाळेतली कविता चालीवर म्हणतो, तो चेंडू पायांत धरून ऐकतो. मधलं कडवं मी विसरलो तर तो पुरवतो. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या.

आज विचारलं नाही.

"तुळजापूरवाले लॉजवर मॅनेजर ठेवतो म्हणायलेत. राहायला दोन खोल्या. मंदिर जवळच. पोरीला शाळा चांगली मिळंल. हिची लई इच्छा हाय."
"मग जा की."
"तुमी सही करू नका, सर. नका करू. म्हणजे सरांनी सही दिली न्हाई असं मला सांगता येईल घरी."

बघा. माझ्या सहीवर टाकून मोकळा झाला.

पोरगी त्याची हुशार आहे. इथं राहिली तर तिचं काय होणार, ते मला दिसतं. न्यायला आलेल्या एस.टी.पुढं आडवं पडणारा म्हातारा मला व्हायचं नाही. पण सहाचा चहा...

चहा निवाला. दोघांनीही घेतला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
सही केली. संदीपनं पायाला हात लावला. म्हणाला, "सर, तुमी टीमसाठी मोठं मन केलं."

मन मोठं नव्हतं. चष्मा सापडला नाही, त्यानं अक्षर मोठं आलं एवढंच.

२६ नोव्हेंबर, बुधवार
ईटनं रशीदला नको म्हणून कळवलं. गुडघा. रशीद स्वतःच सांगायला आला, मुद्दाम मोठ्यानं हसत. "द्यायच्या पण लायकीचा न्हाई ठरलो, सर. आता फुकट वाटा." बसला मात्र तासभर. उठताना बुटांची जोडी माझ्या ओसरीत ठेवून गेला. घरी ठेवले की घालावंसं वाटतं म्हणे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
बालाजी गेला. टेम्पोत कपाट, पलंग, पोरीची सायकल. वाकून नमस्कार केला. म्हणालो, तिकडं पाणी उकळून प्या. इतक्या वर्षांच्या शिकवणीनंतर हे वाक्य!

सहा वाजता मैदानावरून चेंडूचा आवाज आला. कान टवकारले. तो नव्हता. त्याचा मी भिंतीपलीकडून ओळखतो.

३० नोव्हेंबर, रविवार
उद्या तुळजापूरला पोरांची निवड. संदीप तीनदा येऊन गेला. आपल्याला हवाय तो ओंकार, ईटचा, सतरा वर्षांचा, सहा फूट तीन इंच. "सर, याच्यासाठीच सगळं केलं. पुढली दहा वर्षं निघतील." अध्यक्षानं उभं राहून नाव घ्यायचं असा रिवाज. एकदा नाव तोंडातून गेलं की गेलं. यादीबाहेरचं घेतलं तर पाळी बाद, शेवटी मिळणार.

त्यानं ओंकारचं नाव चिठ्ठीवर लिहून माझ्या सदऱ्याच्या खिशात घातलं. "बघून वाचा, सर."
मी म्हणालो, एका नावासाठी चिठ्ठी? अरे, मी साठ-साठ नावं...
"व्हय सर. तरी बघून वाचा."

१ डिसेंबर, सोमवार
लिहवत नाही. तरी लिहितो.

मंगल कार्यालयाचा हॉल. भिंतीला लागून पोरं ओळीनं उभी, हात मागं. समोर सहा संघांची टेबलं. बालाजी तुळजापूरच्या टेबलाशी, नवीन निळा शर्ट. मला बघून अर्धा उठला, मग बसला.

पहिली पाळी सास्तूर, असा पुकारा झाला. मी उभा राहिलो. हॉल शांत झाला. अगदी वर्ग शांत व्हायचा तसा. चाळीस पोरं माझ्याकडं बघत होती. खिशाकडं हात गेला नाही. पहिलं नाव घ्यायचं होतं. मी घेतलं.

"बालाजी."

नि तो उठून उभा राहिला. "हजर, सर."

हॉल फुटला हसण्यानं. तुळजापूरचा एक पुजारी, त्यांचा अध्यक्ष, डोळे पुसत म्हणाला, "गुरुजी, दिलेली लेक परत मागायलाव का?" बालाजी तसाच उभा. त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्यानं खाली बघितलं. मलाही तेव्हाच कळलं.

पाळी बाद. पुढची ईटची. त्यांनी त्यांचा ओंकार घेतला.

सगळ्या फेऱ्या झाल्यावर एकच पोरगा उरला, भिंतीजवळ. मागच्या हातांची बोटं सारखी चाळवत होता. उमरग्याचा, नाव विनायक, उंची माझ्याएवढी. बाद पाळीच्या बदल्यात तो आपल्याला आला.

जीपनं परत निघालो. नळदुर्गच्या पुढं संदीप खिडकीकडं तोंड करून म्हणाला, "बालाजीदादा पण गेला. ओंकार पण गेला."

चिठ्ठी अजून खिशात आहे.

४ डिसेंबर, गुरुवार
कुणी आलं नाही. खिचडी. अंगणातली तुळस... पाणी घालायचं राहिलं होतं, घातलं.

चौकात माझ्या कानावर पडेल असं बोललं गेलं. म्हाताऱ्यानं मुद्दाम केलं. बालाजी गेल्याचा राग काढला.

राग नव्हता. हे मी कुणाला सांगू? सांगायला तोच होता.

७ डिसेंबर, रविवार
रशीद आला. लेकानं गॅरेज उघडं ठेवलंय म्हणाला नि माझ्यासाठी चहा करायला आत गेला. साखर सापडेना. डबे आपटत होता. शेवटी मीठच घातलं असावं. प्यालो.

"सर, एक विचारू? चुकून घेतलं का नाव?"
"चुकूनच रे."
"मला न्हाई वाटत. म्हंजे मुद्दाम बी न्हाई म्हणत मी. आतून आलं ते. तुमी कधी रशीद म्हणून हाक मारली का सगळ्यात आधी? सतरा नंबर होतो मी. कायम सतरा."

हसून म्हणाला, पण म्हणाला. इतक्या वर्षांत मला हे सुचलं नाही. पहिलं नाव घेऊन थांबायचो, पुढची घाईनं घ्यायचो.

९ डिसेंबर, मंगळवार
बालाजीचा फोन. मागं आरतीची घंटा, गिऱ्हाइकांचा कालवा. खोली आहे का, कुणी विचारत होतं.

"सर, मी उठायला नको होतं. मी बसून राहिलो असतो तर लोकांना वाटलं असतं तुमी नुसतं हाक मारली."
"तू कशाला उठलास मग?"
"तुमी नाव घेतलं." मग, "जेवलात का?"
मी हो म्हणालो. त्याला खोटं कळतं. फोन बराच वेळ ठेवलाच नाही.

१४ डिसेंबर, रविवार
संदीप आला. पंधरा दिवसांनी. या खेपेला खुर्चीवर बसला. अध्यक्षपद काढून घ्यायला आला असावा, म्हणून मी आधीच राजीनामा लिहून ठेवला होता, दिला. त्यानं वाचला, शुद्धलेखन तपासल्यासारखा, नि घडी घालून परत माझ्याकडंच.

"हे नको सर. एकच सांगा. चुकून की मुद्दाम? मला पोरांना काहीतरी सांगावं लागतंय."

मी तोंड उघडलं. उत्तर आलं नाही. संदीप थोडा थांबला. माझ्यासारखाच थांबला, मग उठला. जाताना म्हणाला, "एकवीसला पहिली मॅच आपल्या मैदानावर. तुळजापूरच. दोन्ही टीमची नावं तुमीच वाचायची. चिठ्ठी बघून."

१७ डिसेंबर, बुधवार
संध्याकाळी मैदानाकडं गेलो. पुष्कळ दिवसांनी. तो विनायक एकटा, रिंगेखाली. चेंडू आपटतो, एक लांब ढांग, एक आखूड, अडखळतो. ल गा ल, ल गा ल. पुन्हा तेच. आपटणं आखूड, मग दोन्ही ढांगा लांब, असं सांगावंसं वाटलं. कुंपणाशी उभा राहिलो. त्यानं बघितलं, चेंडू धरून उभा राहिला. ज्याचं नाव कुणीच आधी घेतलं नाही तो पोरगा. माझ्याच चुकीनं आलेला.

मी त्याचं नाव विसरलो होतो. त्याच्यासमोर. दोन्ही हात कुंपणावर ठेवून उभा, नि नाव येईना. तसाच परत आलो. अंगणात पाय ठेवला नि आठवलं.

२० डिसेंबर, शनिवार
उद्या मॅच. दु. ४ वा.

दोन्ही याद्या आल्या. तुळजापूरच्या यादीत बालाजी अकरावा. म्हणजे त्याच्याआधी दहा नावं घ्यावी लागणार. आपल्या यादीत पहिलं नाव संदीपनं मोकळं सोडलंय, खाली पेन्सिलीनं बारीक: "सर, तुमी ठरवा."

सकाळी यादी मोठ्यानं वाचून बघितली. चष्मा लावून. रिकाम्या घरात आपलाच आवाज पुकाऱ्यासारखा वाटतो. पहिल्या रेघेवर विनायक लिहिलं. मग खोडलं. मग परत लिहिलं. कागदाला तिथं भोक पडायला आलंय.

रशीद बूट घ्यायला आला होता. खेळणार नाही, नुसतं पायात घालून कठड्यावर बसणार म्हणतो.

तुळजापूरची जीप मॅच संपल्या संपल्या निघणार, त्यांना आरतीच्या आत पोचायचं असतं. बालाजीला मधे सवड मिळेल की नाही, सांगता येत नाही. विचारलं नाही. विचारलं तर तो जीप सोडून येईल.

दूधवाल्याला अर्धा लिटर जास्त सांगितलंय. साखरेचा डबा पुढं काढून ठेवलाय, मिठापासून लांब.

कविता कुठली, ते मात्र अजून...