घुबड गेलं, नाव वाचलं

४ जून
आजपासून रोज लिहायचं. चर्चमधल्या अक्षरवर्गात माझा दुसरा नंबर आला. वर्गात दोघीच होतो, ते सोडा. वही नातीची, मागची पानं कोरी आहेत.
मक्याने कणगी गळ्यापर्यंत भरली! माझा मुलगा यामिकानी ब्लांटायर शहरात ड्रायव्हर आहे. फोनवर म्हणाला, आई, पुढच्या सुगीपर्यंत मका पुरला तर राहा गावात. नाही पुरला तर मुकाट्याने माझ्याकडे यायचं. मी म्हटलं, लागली पैज. मेल्या, ह्याच कणगीच्या सावलीत तू रांगलास. पुरणार म्हणजे पुरणारच.

७ जून
टेन्शन एकच. कणगीशेजारच्या आंब्याच्या ढोलीत घुबडांची जोडी आहे, पांढऱ्या तोंडाची. दोन वर्षं कोणी काही बोललं नव्हतं. आता शेजारणीची, फालेसीची, शेळी मेली. हातपंपावर सगळ्यांसमोर मला म्हणाली, काय ना-बांडा, पाहुणे बरे आहेत ना तुझे? सुपात बसून त्यांच्याबरोबर कुठे कुठे उडून येतेस? सगळ्या हसल्या. मीही हसले, मोठ्याने. घरी आले नि दाराला आतून कडी लावली. मागच्या साली नदीपलीकडच्या म्हातारीचं घर चेटकीण म्हणून जाळलं ते असंच. एकटी, विधवा, डोळे लाल. माझेही लालच. चुलीचा धूर, दुसरं काय.

८ जून
शेतीखात्याच्या मेमरीबाई सायकलवरून आल्या. गोड मुलगी, पण लग्नाचं विचारलं की घड्याळ बघते. म्हणाल्या, आजी, घुबडांना हाकलू नका हं. झाडाखालची काळी गोळी उचलून फोडली. आत उंदरांच्या कवट्या, केस, इवलीशी हाडं. घुबड गिळतं नि नको ते ओकून टाकतं म्हणे. म्हणाल्या, चार मांजरं ठेवलीत तरी एवढे मारणार नाहीत, ही तुमच्या कणगीची राखण आहे. मी हो हो केलं, शेंगदाणे दिले.
दारात हाडं टाकतं ते राखण करतं होय? फालेसीने ही हाडं पाहिली असती तर! बाई जाताच सगळ्या गोळ्या पुरून टाकल्या.

११ जून, सकाळी
ढोलीखाली सुक्या मिरच्या जाळल्या. फालेसीला मुद्दाम बोलावलं, म्हटलं बघ ग बाई, आमचं काही नातं आहे का ह्यांच्याशी. दोन्ही मोठी उडून गेली. पिल्लं तीन होती. त्यांना उडता येत नव्हतं. त्याबद्दल लिहीत नाही.
फालेसी म्हणाली, आता निवांत झोप, मायी. मला मायी म्हणाली, आईसारखं मानाने! सगळं झकास झालं.

२ जुलै
कणगीवर उंदीर. दोनच.

२० जुलै
दोनापेक्षा थोडे जास्त. पण वाईट काय त्यात? गळ्यापर्यंत मडकं पुरलं, आत पाणी, काठाला कोंडा. नऊ पडले. मीठ लावून, भाजून, काडीला ओवून फालेसीकडे नेले. तिने नाक मुरडलं. म्हणाली, शेतातला उंदीर खातात मायी, घरातला कोण खातो? मी म्हटलं, अग शेतातलेच हे, माझ्याकडे मुक्कामाला आलेत. एकटीनेच खाल्ले. उग्र होते. उद्यापासून पकडायचे, खायचे नाहीत.

१७ ऑगस्ट
कणगीच्या पायांना पत्रा ठोकायचा. उद्या नक्की.

१८ ऑगस्ट
पत्रा मिळाला नाही. मांजर मिळालं, पण काळं निघालं. दुपारच्या आत परत दिलं. आत्ता कुठे नाव धुऊन निघालंय.

९ सप्टेंबर
उंदरांचं औषध टाकलं. तीन कोंबड्या मेल्या. म्हाताऱ्याच होत्या. एक नव्हती.

३० सप्टेंबर
कणगी बाहेरून एकदम छान दिसते. वरवरचा मका काढतेय, सुरेख आहे. खालपर्यंत हात घालून बघायची काही गरज नाही. यामिकानीला सांगितलं, पुरून उरेल.

१४ ऑक्टोबर
वरचा थर संपला. खाली हात घातला. सालं, लेंड्या, दाणे नसलेली कणसं. एक कणीस हातात घेतलं तर नुसतं हलकं. तळापर्यंत तसंच. उरलेला मका एका सुपात मावला.

१६ ऑक्टोबर
फालेसीच्या कणगीतही तेच. आमच्या साऱ्या ओळीतच तेच. हातपंपावर गेले तर सगळ्यांनी आपापल्या बादल्या बाजूला ओढल्या. मग फालेसी म्हणाली, उंदीर काय आपोआप येतात? कोणीतरी पाठवतंच ना. घुबडं हाकलली ती आम्हाला दाखवायला. मायी म्हणाली नाही.
चेष्टा असेल. पण हसलं कोणी नाही. बादली अर्धीच भरून आले.

१७ ऑक्टोबर
मेमरीबाईंना विचारलं, दुसरी घुबडं आणून देता का? म्हणाल्या, ती आणता येत नाहीत आजी. झाडाला लाकडी पेटी टांगा, कोणी त्रास दिला नाही तर येतील त्यांची ती. कधी, म्हटलं. म्हणाल्या, वर्ष, दोन वर्षं, सांगता येत नाही. ह्या वेळी शेंगदाणे घेतले नाहीत त्यांनी. तुम्हालाच लागतील, म्हणाल्या.

२० ऑक्टोबर
शनिवारी यामिकानी गाडी घेऊन येतोय. मीच ठरवलं. गावात सांगितलंय, नातवंडांना माझ्याशिवाय करमत नाही. पैज वगैरे कुठली, मायलेकरांचं आपलं बोलणं ते.
तिकडे पीठ दुकानातून येतं, पिशवीत. कांडायचं नाही, पाखडायचं नाही, कशाची राखण नाही. मी त्याला विचारलं, मग मी दिवसभर करायचं काय रे?
म्हणाला, काही नाही, आई. बसायचं.