दीडशे वर्षं कललेलं हॉटेल

सॅन होजे,
१८ ऑक्टोबर २००४

तीर्थस्वरूप मनोहरदाजींना मोरेश्वरचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे आणि ताईचं बी.पी. दोन्ही आटोक्यात असावीत. मी राजसकडे ठणठणीत आहे. मिरजेचं तुमचं लॉज दिवाळीनंतर पाडायचं ठरलंय, तेव्हा हे पत्र मिळताच वाचा. (चष्मा सापडेना तर ताईकडून वाचून घ्या, ताजा कलम मात्र तुम्हीच वाचा.)

शनिवारी राजस आणि सूनबाई सावनीने मला डोंगरातल्या एका जुन्या हॉटेलात नेलं. इथे सोनं सापडलं म्हणून जग लोटलं होतं ना, त्या काळातलं बांधकाम. दाजी, बत्तीस वर्षं बांधकाम खात्यात काढली, पण असं काही पाहिलं नाही! गाव दोनदा जळालं, म्हणून तिसऱ्यांदा दीड हात जाडीच्या दगडी भिंती आणि प्रत्येक खिडकीला लोखंडी दारं. भिंतीवरून हात फिरवताना अंगावर काटा आला. चुना कसला ते कळावं म्हणून सांध्यातला कण जिभेवर ठेवला (जुनी सवय), तर सावनी कुजबुजली, "बाबा, प्लीज! लोक बघतायत."

खोलीत नेहमीप्रमाणे उतार बघायला खिशातली गोटी जमिनीवर सोडली. ती जी सुटली ती दाराखालून, व्हरांड्यातून, जिन्याच्या एकोणीस पायऱ्या टणटण उतरत थेट जेवणघरात. मागोमाग मी, लेंगा-बनियनवर. सूप पिणारी मंडळी चमचे धरून थांबली. सत्तरीच्या मालकीणबाई उठल्या. आता बाहेर काढणार, असं वाटलं. तर त्यांनी कपाटातून काचेचं भांडं काढलं. त्यात गोट्या, मणी, खोकल्याच्या गोळ्या, एक खोटा दात. सगळं वरून घरंगळत आलेलं! राजसने त्यांचं बोलणं समजावून सांगितलं: जमीन पणजीच्या काळापासून कललेली आहे, पण तुळया भक्कम, आणि त्या दर वर्षी स्वतः माळ्यावर चढून बघतात. हा उतार बघायला लोक महिनाभर आधी बुकिंग करून येतात. दाजी, मी त्या भांड्याला हात जोडले.

तुमच्या लॉजचा उतार याच्या निम्मासुद्धा नाही.

आपला,
मोरेश्वर

ता. क. लॉज धोकादायक असल्याचा दाखला मी लिहून दिला, तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता. फोनवर सांगायचं धाडस होईना, म्हणून लिहितो. त्या दिवशी मी माळ्यावर चढलोच नव्हतो. ताईच्या पुरणपोळ्या अंगावर आल्या होत्या; नुसती गोटी सोडली आणि सही केली. तो दाखला फाडा. मी तिकीट बदलून दिवाळीआधी येतोय. शिडी काढून ठेवा.

ता. ता. क. गोटी बाईंच्या भांड्यातच ठेवून आलोय. आता वर चढावंच लागेल.